उजेड आत, ऊन बाहेर

माझ्या पर्समध्ये एक लक्समीटर असतो. जुन्या मोबाइलएवढं यंत्र, डोक्यावर पांढरी वाटी. ती वाटी जिथं ठेवाल तिथं किती उजेड पडतो ते आकड्यात दिसतं, लक्स हे त्याचं माप. लातुरात घरं बांधायची कामं करायला लागून मला बावीस वर्षं झाली आणि गेली सहा-सात वर्षं टेपाच्या जोडीनं हा मीटर सोबत असतो. कुणाकडे चहाला गेले की मी उठून स्वयंपाकघरात जाते आणि ओट्यावर, जिथं भाजी चिरतात तिथं, तो ठेवते. ओळखीच्या बायका आता स्वतःच विचारतात, "आमचा किती आला?"

मागच्या मे महिन्यातली एक नोंद सांगते. औसा रोडच्या बाजूला नवीनच बांधलेलं घर, दुपारचे साडेबारा. गच्चीवर मीटरनं ९८,००० लक्स दाखवले. खाली आले, ट्यूब बंद करायला सांगितली आणि ओट्यावर ठेवला, तर ३२. ओट्यासमोर खिडकी होती, चांगली चार बाय चारची. पण तिच्यापासून तीन फुटांवर शेजाऱ्याची तीन मजली भिंत, तीही बिनरंगाची, सिमेंटची. घरातल्या काकू म्हणाल्या, "ताई, मला दिवस काय अन् रात्र काय, लाइट लावल्याशिवाय मेथी निवडता येत नाही."

मग हॉलमध्ये येऊन बसलो. हॉल पश्चिमेला, आठ फुटी काच, शोभेसाठी. तिच्यावर जाड पडदा ओढलेला, पडद्याच्या कडेनं ऊन आत घुसलेलं, कूलर चालू आणि वर ट्यूब चालू! एकाच घरात भरदुपारी दोन ट्यूब जळत होत्या. एक उजेड येत नाही म्हणून, दुसरी ऊन फार येतं म्हणून पडदा लावला आणि अंधार झाला म्हणून.

त्या दिवसापासून मला सगळं काम या दोन शब्दांत दिसायला लागलं. आपल्या भाषेनं हा फरक कधीच करून ठेवलाय. ऊन लागतं, ऊन उतरतं, उन्हात वाळवण घालतात. उजेडात मात्र निवडतात, वाचतात, सुईत दोरा ओवतात. उजेड कुणाला लागत नाही आणि उन्हात कुणी पुस्तक वाचत नाही. मराठवाड्यात घर बांधणाऱ्याचं अर्धं काम म्हणजे या दोघांना दारातच वेगळं करणं, उजेडाला आत घेणं आणि उन्हाला बाहेर थांबवणं.

हिशोब बघा. वाचायला टेबलावर ३०० लक्स असले की भरपूर झाले. बाहेर मेच्या दुपारी एक लाख. म्हणजे बाहेर जेवढा उजेड आहे त्याचा तीनशेवा-साडेतीनशेवा हिस्सा आत आला तरी पोरं दिवसभर अभ्यास करू शकतात. पोतंभर ज्वारीतली मूठभर. मग भिंतभर काच कशासाठी? त्या मुठीच्या वर जे आत येतं ते डोळ्याला नकोच असतं, पडद्यानं अडवावं लागतं. पण पडदा आत असतो. ऊन काच ओलांडून आलेलं असतं, पडदा तापतो आणि खोली तापवतो. मेमध्ये दुपारी एका चौरस मीटरवर हजार वॅटच्या जवळपास ऊन पडतं. फरशीवर उन्हाचा पाटाएवढा तुकडा दिसला, तरी शे-दोनशे वॅटची शेगडी पेटवून ठेवली असं समजावं.

हे मी कॉलेजात शिकले नाही, खरं सांगायचं तर. तिथं खिडकीचं क्षेत्रफळ जमिनीच्या दहावा हिस्सा वगैरे पाठ करून घेतलं, पण ती खिडकी कुठं, किती उंच आणि कुणाकडे तोंड करून, हे कुणी नीट सांगितलं नाही. ते शिकवलं आजीच्या घरानं, आणि कळलं मात्र फार उशिरा.

आजीचं घर औसा तालुक्यातल्या एका गावात. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, वर माळवद. लाकडी तुळया, त्यावर लाकडी पट्ट्यांचं किलचन, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. मधल्या घराला खिडकी नव्हतीच. होतं ते साणं, म्हणजे माळवदाला ठेवलेलं फूट-दीड फुटाचं भोक. पावसाळ्यात त्यावर फरशी सरकवायची, एरवी उघडं. बाहेरच्या रखरखीतून आत आलं की आधी काहीच दिसायचं नाही, मग डोळे निवले की सगळं घर दिसायचं. साण्यातून आलेलं ऊन शेणानं सारवलेल्या जमिनीवर ताटलीएवढं पडायचं. सकाळी धान्य साठवायच्या बळदाच्या भिंतीवर, मग उतरत उतरत जमिनीवर, आणि उखळाजवळ आलं की आजी म्हणायची, "जेवायचं झालं." घरात घड्याळ होतं, पण आजीला त्याचं काम नव्हतं.

ती निवडायला बसायची ते त्या ताटलीत नाही. ताटलीपासून हातभर बाजूला बसायची, पाठ उन्हाकडे, सूप पुढ्यात. मी लहान असताना एकदा मधल्या घरात दिवा लावायला गेले, तर ती ओरडली, "पोरी, दिवा कशाला लावायलीस? इकडं सरक की, उजेडाला." मी सरकून थेट उन्हात बसले. "तिथं नाही, हितं." तिनं मला ओढून सावलीतच बसवलं, पण ऊन ज्या जमिनीवर पडून उजळत होतं तिच्या शेजारी. ज्वारीतला खडा तिथूनच दिसतो, उन्हात दिसत नाही, डोळे दिपतात. आज मी 'परावर्तित प्रकाश' म्हणते तो हाच.

या घराची आठवण मला गोड करून सांगता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या आधी, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते तेव्हा किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या भागातली सुमारे दहा हजार माणसं गेली. बहुतेकांना मारलं ते याच भिंतींनी आणि याच माळवदांनी. दरवर्षी गळू नये म्हणून मातीचा एकेक थर चढवत नेलेला, वर दोन-दोन फूट माती, खाली मातीत रचलेले गोटे. आजीच्या घराचा मधला भाग बसला. आजी त्या रात्री अंगणात झोपली होती म्हणून वाचली. मी तेरा वर्षांची होते. त्यानंतर आमच्या गावात कुणी माळवद घातलं नाही, घालूही नये. पण माळवदाबरोबर साणंही गेलं आणि त्याची आठवण कुणी ठेवली नाही. नव्या घरांना पत्रे आले, स्लॅब आले, आणि 'खिडकी ठेवली की भिंत कमजोर होते' अशी एक भीती आली. ती भीती मला आजही मालकांच्या तोंडून ऐकू येते. मी त्यांना सांगते की खिडकी भिंतीला मारत नाही, चुकीच्या जागची खिडकी मारते. कोपऱ्यापासून निदान दोन फूट भिंत सलग सोडा, दोन खिडक्यांत अंतर ठेवा आणि लिंटेलचा बँड, म्हणजे दारं-खिडक्यांच्या माथ्यावरचा काँक्रीटचा पट्टा, घरभर न तोडता फिरवा. मग उजेडही मिळतो आणि झोपही लागते.

आता सूर्याचं. लातूर साधारण १८.४ अक्षांशावर आहे. याचा अर्थ १३-१४ मेच्या आसपास आणि परत २९-३० जुलैच्या सुमाराला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, विजेच्या खांबाची सावली खांबाच्या पायात नाहीशी होते. शाळेतली पोरं शून्य सावली दिवस म्हणून हे बघतात. मेमध्ये ही वेळ बाराला नसते, बारा वीसच्या आसपास असते, कारण आपलं घड्याळ आपल्या पूर्वेच्या रेखांशावरून चालतं. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही. थंड देशांत भरदुपारपुरतं ते ठीक, लातुरात मे ते जुलै येतं, सकाळ-संध्याकाळ तर हमखास, तिरकं. म्हणून उत्तरेच्या काचेलाही वर छोटा छज्जा आणि बाजूला उभ्या पट्ट्या लागतात.

दक्षिणेचं सोपं आहे, लोक उगीच घाबरतात. २२ डिसेंबरला दुपारी सूर्य आपल्याकडे ४८ अंशांवर असतो, २१ मार्चला ७१ अंशांच्या वर. चार फूट उंच खिडकीला दोन फुटी छज्जा दिला तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भरदुपारचं ऊन त्या खिडकीला शिवत नाही. थंडीत तेवढं येतं, आणि थंडीत ते हवंच असतं. पूर्वेचं ऊन कोवळं असतं तोवर चालतं. खरा वैरी पश्चिम. मेच्या संध्याकाळी पाच वाजता सूर्य २४-२५ अंशांवर आलेला असतो. त्या वेळी दोन फुटी छज्जाची सावली खिडकीवर फूटभरही पडत नाही, बाकी तीन फुटांतून ऊन सरळ पलंगावर. पश्चिमेला छज्जा म्हणजे नुसता खर्च. तिथं उभी जाळी द्या, बांबूच्या चिकाचा पडदा बाहेरून सोडा, नाहीतर कडुलिंबाचं झाड लावा. आणि जमलंच तर तिकडे खिडकीच लहान ठेवा, जिना, संडास, न्हाणी तिकडे ढकला.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण त्यातूनच हे सगळं जागेवर बसलं.

लातुरात अभ्यासिका किती आहेत ते इथल्या माणसाला सांगायला नको. गल्लोगल्ली, दुकानांच्या वर, गोडाऊनमध्ये. पोरं सकाळी सहाला डबा घेऊन येतात आणि रात्री अकराला जातात. एका ओळखीच्या निवृत्त मास्तरांनी आपल्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर साठ खुर्च्यांची अभ्यासिका काढली होती. चाळीस बाय पंचवीस फुटांचा हॉल, वर पत्रा, पश्चिमेला एक शटर, बाकी भिंती बंद. चोवीस ट्यूब दिवसभर चालू. २०१८ साली ते म्हणाले, "बाई, बाहेर एवढं ऊन आणि आम्ही आत वीज जाळतो. काहीतरी करा."

मी सोपा मार्ग धरला. पत्र्यात चार ठिकाणी फायबरचे पत्रे बसवले, दुधी रंगाचे, तीन बाय दहाचे. काम दोन दिवसांत झालं. डिसेंबर होता. मीटर टेबलाटेबलावर फिरवला, ६०० च्या खाली कुठंच नाही. ट्यूब बंद केल्या तेव्हा पोरांना कळलंसुद्धा नाही. मास्तरांनी पेढे दिले. मी ते घेतले.

मार्चमध्ये फोन आला. फायबरच्या पत्र्याखालच्या खुर्च्या कुणी घेत नव्हतं. गेले तर बारा वाजता त्या चार चौकोनांखाली उभं राहवेना. एका मुलीनं ओढणी भिजवून डोक्यावर घेतली होती आणि तशीच बसून वाचत होती. ती काही बोलली नाही, मलाच तिच्याकडे बघवलं नाही. मी तिथंच वहीत हिशोब मांडला: चार पत्र्यांचं क्षेत्रफळ अकरा चौरस मीटर, वरून प्रत्येक मीटरवर साडेनऊशे वॅट, अर्धं जरी आत आलं तरी पाच किलोवॅट. म्हणजे मी त्या पोरांच्या डोक्यावर पाच हीटर टांगले होते. ट्यूब बंद करून वाचवले होते ४८० वॅट. एप्रिलमध्ये मास्तरांनी वरून ताडपत्री टाकली, ट्यूब पुन्हा लागल्या. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. माझे पैसे मात्र मी अर्धे परत केले.

पुढच्या वर्षी लॉकडाउनमध्ये अभ्यासिका बंद होती. त्या रिकाम्या महिन्यांत मी आजीच्या साण्याचा विचार करत होते. तेही वरूनच उघडं होतं की. मग ते का चालायचं? दोन कारणं सापडली. एक, ते अगदी लहान होतं. खोलीच्या मानानं शंभरावा हिस्साही नसेल. आणि दुसरं, आजीनं उन्हात कुणाला बसवलं नाही. ऊन जमिनीवर पडलं, तिथून उजेड होऊन वर उठला आणि तो आम्हाला मिळाला. मी उन्हालाच उजेड समजून पोरांवर सोडलं होतं.

२०२१ मध्ये मास्तरांनी पुन्हा संधी दिली, ही त्यांची मोठी गोष्ट. या वेळी छत मधोमध कापलं. दक्षिणेकडचे पत्रे तीन फूट उचलले, उत्तरेकडचे होते तिथंच ठेवले. मध्ये जी उभी फट तयार झाली ती उत्तरेकडे तोंड करून, चाळीस फूट लांब, अडीच फूट उंच. तिच्यात साधी स्वच्छ काच, आणि दर आठ फुटांवर एक उघडणारी झडप, तापलेली हवा वरून निघून जावी म्हणून. वरचा पत्रा दीड फूट पुढं काढला. काचेच्या बाहेर दर चार फुटांवर उभी पट्टी, मे-जूनच्या तिरक्या उन्हासाठी. पत्र्याखाली इन्सुलेशन, त्याला पांढरा रंग. भिंतींना आधीचा तपकिरी टेक्श्चर होता, तो घासून पांढरा दिला. फायबरचे पत्रे काढून टाकले.

मिस्त्रींना हे पटत नव्हतं. ते वयानं मोठे, माझ्या पहिल्या कामापासून सोबत. शिडीवर उभे राहून म्हणाले, "ताई, खिडकी एवढी वर घेतल्यावर माणूस बाहेर बघंल कसं?" मी म्हटलं, "मामा, ही बघायची खिडकी नाही, ही उजेडाची. बघायला खाली दोन ठेवू." ठेवल्याही, दक्षिणेला, छज्जाखाली.

खिडकी वर का, ते मिस्त्रींना मी दोरीनं दाखवलं. खिडकीचा माथा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या साधारण दीड ते दोन पट आतपर्यंत कामाचा उजेड पोचतो. सात फुटी माथा असेल तर दहा-बारा फुटांच्या पुढं अंधार. तीच काच बारा फुटांवर नेली की अठरा-वीस फूट. खिडकी रुंद करून उजेड खोल जात नाही, उंच केल्यानं जातो. हे पटलं की घर बदलतं. छज्जाच्या वर, स्लॅबच्या पोटाशी दीड फुटाचा झरोका ठेवला आणि छज्जाची वरची बाजू चुन्यानं पांढरी केली, तर छज्जावर पडलेलं ऊन उजेड होऊन आतल्या छताला लागतं आणि तिथून खोलीभर पसरतं. पन्नास रुपयांचा चुना. मी आता प्रत्येक घरात हे करते आणि दर दिवाळीला छज्जा धुवायला सांगते, कारण आपल्याकडची धूळ वर्षभरात तो काळा करून टाकते.

वेरूळला १० क्रमांकाच्या लेण्यात, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, मी तीन-चारदा गेले आहे. मूर्ती आणि कमानीच्या दगडी फासळ्या सगळेच बघतात. मी बघते ते दारावरचं गवाक्ष. खालच्या दारातून आत आलेला उजेड थोड्या अंतरावर मरतो, पण वरच्या गवाक्षातून आलेला थेट आतल्या स्तूपापर्यंत, बुद्धाच्या मूर्तीपर्यंत जातो. लेण्याचं तोंड पश्चिमेला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मावळतीकडचा किरण मूर्तीवर येतो, ते बघायला गर्दी होते. सातव्या शतकात डोंगर कोरणाऱ्यांना माथा उंच ठेवायचा हे ठाऊक होतं. मला ते कळायला चाळिशी उजाडली.

अभ्यासिकेत काम संपल्यावरची नोंद माझ्याकडे आहे. नोव्हेंबर, सकाळचे अकरा, आकाश स्वच्छ. काचेखालच्या रांगेत ५२०, मधल्या रांगेत ३८०, दक्षिणेच्या भिंतीजवळ २१०. खालच्या दोन खिडक्या उघडल्यावर तिथं २९०. मग मे आला. मी मुद्दाम १३ तारखेला, बारा वाजून वीस मिनिटांनी जाऊन उभी राहिले. बाहेर खांबाला सावली नव्हती. आत कुठल्याच टेबलावर उन्हाचा ठिपका नव्हता आणि ट्यूब बंद होत्या.

विजेचा हिशोब प्रामाणिकपणे सांगायला हवा. दिवसाचे आठ तास ट्यूब बंद राहिल्या की महिन्याला एकशे दहा-पंधरा युनिट वाचतात. एलईडी आल्यापासून नुसत्या दिव्यांची बचत एवढीच राहिली आहे, डोळे दिपावेत असा आकडा नाही. मोठी बचत दुसरीकडे आहे. मास्तर दोन एसी घेणार होते. आता दोन कूलरवर भागतं, कारण आत उष्णता येतच नाही. उजेडासाठी मोठी काच लावायची, तिच्यातून आलेली उष्णता काढायला एसी लावायचा आणि चकाकी नको म्हणून पडदा ओढून परत दिवे लावायचे, यात वीज दोनदा जळते. हे मी आमच्या भागात रोज बघते. इस्पितळं, क्लास, शोरूम, सगळ्यांना पश्चिमेकडे निळी चकाकती काच हवी. गडद रिफ्लेक्टिव्ह काच उजेडाचा जेमतेम पाचवा हिस्सा आत सोडते. म्हणजे उन्हाच्या भीतीनं उजेडालाच हाकललं. देशाची घरांसाठीची इको निवास संहिता २०१८ साली आली, तिच्यात काचेनं निदान किती उजेड आत सोडलाच पाहिजे याची अट आहे. मला ती अट फार आवडते.

आणखी एक आकडा मी प्रत्येक मालकाला दाखवते. राष्ट्रीय इमारत संहितेत उघड्या आकाशाचा उजेड हिशोबाला ८,००० लक्स धरलाय, थेट ऊन सोडून. त्यातला किती टक्के आत यावा हे खोलीनिहाय सांगितलंय. बैठकीच्या खोलीला ०.६२५ टक्के, म्हणजे ५० लक्स. अभ्यासाच्या खोलीला १.९. आणि स्वयंपाकघराला २.५, म्हणजे २०० लक्स. घरात सगळ्यात जास्त उजेड स्वयंपाकघराला! बरोबरच आहे. धारदार चाकू, उकळतं तेल, डाळीतला खडा, दुधातली माशी, सगळं तिथं. आणि आपण बांधतो कसं? हॉलला रस्त्याकडची सगळी दर्शनी बाजू, आणि स्वयंपाकघर मागं, शेजाऱ्याच्या भिंतीला टेकून. प्लॅनवर चर्चा करायला घरातले पुरुष बसतात. मी आता पहिल्याच बैठकीत विचारते, "घरातल्या बायांना बोलवा, ओटा कुठं हवा ते त्या सांगतील." दहातल्या सात वेळा त्या आधी 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतात, आणि नंतर दारापर्यंत पोचवायला येतात तेव्हा हळूच सांगतात.

औशात माझ्या मामाचं घर बांधलं तेव्हा हीच अडचण आली. गावठाणातली जागा, वीस बाय पंचेचाळीस, दोन्ही बाजूंनी सामाईक भिंती. उजेड यायला पुढचं तोंड आणि मागची बाजू, मधल्या पंचवीस फुटांत रात्रच. मी मध्ये पाच बाय सहाची मोकळी जागा मागितली, वर आकाशापर्यंत. मामा चिडले. "तीस फूट जागा हवेला द्यायची? इथला भाव माहिताय का तुला?" मी भाव काढून दाखवला, मग मधल्या दोन खोल्यांत आयुष्यभर दिवसा जळणाऱ्या दिव्यांचा आणि पंख्यांचा हिशोब दाखवला. मामा मानले नाहीत. मामी मानल्या. त्या दारात उभ्या होत्या, एवढंच म्हणाल्या, "आईच्या घराला साणं होतं. मला ते पाहिजे."

आई म्हणजे माझी आजी, त्यांच्या सासूबाई.

ते झालं. वर जाळी, जाळीवर उत्तरेकडे उघडा असलेला टोप, चारी भिंती आतून पांढऱ्या, तळाला शहाबादी फरशी. शहाबादी काळसर, उजेड पिते, म्हणून मला तिथं पांढरी चिनी मोझाइक हवी होती. मामी नको म्हणाल्या, पाय घसरतो. त्यांचं बरोबर होतं. ओटा त्या चौकाला लागून आहे. मागच्या संक्रांतीला गेले तेव्हा दुपारी दोन वाजता ओट्यावर २४० आले. मामी ओट्यावर नव्हत्याच. चौकाच्या कडेला, उजेडाच्या चौकोनापासून हातभर बाजूला पाट टाकून तीळ निवडत होत्या.

अभ्यासिकेचं एक काम अजून राहिलंय. पावसाळ्यात ढग दाटले की दक्षिणेची रांग दीडशेच्या खाली जाते आणि तिथं दिवा लावावाच लागतो. पण वायरिंग जुनं, चोवीसही ट्यूब एकाच बटणावर. एका रांगेसाठी सगळा हॉल पेटतो आणि एकदा पेटला की ढग गेले तरी कुणी उठून बंद करत नाही. दिव्यांच्या रांगा काचेला समांतर हव्यात आणि प्रत्येक रांगेला स्वतंत्र बटण. हे मी २०२१ मध्येच सांगायला हवं होतं. वायरमन पुढच्या सोमवारी येणार आहे. मास्तरांनी पोरांना सांगून ठेवलंय की त्या दिवशी सकाळी दोन तास दक्षिणेची रांग रिकामी लागेल.